व्यत्ययाची पाटी : टीव्हीच्या बातम्या, निःपक्षपणा आणि जॅक्सन शहराची गोष्ट



तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना मुंबई दूरदर्शनची 'व्यत्यय' ही पाटी नक्की आठवत असेल. सिनेमा ऐन रंगात आलेला असायचा आणि पडद्यावर ती पाटी यायची. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या वहिनी उठून चहाचं आधण ठेवायच्या, आणि आम्ही कॉलेजातली मुलं त्या पाटीकडेच बघत बसायचो. कुणाच्या मनात कधी संशय आला नाही. यंत्र आहे, कधीतरी बिघडणारच.

आज अशाच एका पाटीची गोष्ट सांगायची आहे. फरक इतकाच, की तिथे यंत्र बिघडलेलं नव्हतं.

साल १९५५. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं मिसिसिपी राज्य, त्याची राजधानी जॅक्सन. तिथे डब्ल्यूएलबीटी नावाचं टीव्ही केंद्र होतं, एका विमा कंपनीच्या मालकीचं. न्यूयॉर्कहून एनबीसी या मोठ्या जाळ्याचे कार्यक्रम यायचे, ते हे केंद्र दाखवायचं. एके दिवशी पडद्यावर थरगुड मार्शल आले. मार्शल हे कृष्णवर्णीय वकील. शाळांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे, हा निकाल त्यांनी आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून मिळवलेला होता. पुढे ते स्वतःच त्या न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तर मार्शल बोलायला लागले आणि जॅक्सनमध्ये पडद्यावर पाटी आली : क्षमस्व, केबलमध्ये बिघाड आहे. पुढे केंद्राच्या व्यवस्थापकानेच वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांच्या एका सभेत फुशारकी मारली, की कार्यक्रम आपण मुद्दाम तोडला.

ही गोष्ट आजच का सांगतोय? गेल्या काही व्याख्यानांनंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "सर, निःपक्ष चॅनेल कोणतं?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस. चॅनेलांची गुणपत्रिका काढणं मला जमणार नाही. पण मला वाटतं, प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. निःपक्षपणा म्हटलं की आपण घड्याळ काढतो. या पक्षाला किती मिनिटं, त्या पक्षाला किती. हा हिशोब खोटा नाही. पण पडद्यावर जे आलंच नाही, त्याची मिनिटं कोण मोजणार? खरा पक्षपात बहुतेक वेळा तिथे असतो. हे जॅक्सनच्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन जगाला शिकवलं. त्यासाठी आधी एक नियम समजून घेऊ.

वर्तमानपत्र कुणीही काढू शकतो, निदान तत्त्वतः. ध्वनिलहरींचं तसं नाही. एकाच लहरीवर दोघे बोलायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने एक आयोग नेमला, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. लहरी जनतेच्या, केंद्रचालकाला फक्त परवाना, आणि तोही ठराविक मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा आयोगाच्या दारात उभं राहायचं आणि सांगायचं, आम्ही जनहिताचं काम केलं, परवाना वाढवून द्या. १९४१ मध्ये तर या आयोगाने केंद्रचालकांना स्वतःचं मत मांडायलाच मनाई केली होती. १९४९ मध्ये ती मनाई उठली आणि त्या जागी जे आलं त्याला 'फेअरनेस डॉक्ट्रिन' म्हणतात. आपण न्याय्यतेचा नियम म्हणू.

या नियमात दोन कर्तव्यं होती. दुसरं कर्तव्य सगळ्यांना माहीत असतं : वादाचा विषय घेतलात, तर विरुद्ध बाजूला बोलायला वाजवी संधी द्या. लक्षात घ्या, वाजवी संधी, समान मिनिटं नव्हे. निवडणुकीतल्या उमेदवारांना समान संधी देण्याचं कलम वेगळं होतं, ते १९३४ पासूनच कायद्यात होतं. पण न्याय्यतेच्या नियमातलं पहिलं कर्तव्य लोक विसरतात. ते असं : समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले वादग्रस्त प्रश्न तुम्ही दाखवलेच पाहिजेत. म्हणजे गप्प बसायची सोय नाही. "आम्ही कुणाचीच बाजू घेत नाही, आम्ही तो विषयच घेत नाही," असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

आपल्या परंपरेत याला जवळचा शब्द आहे, पूर्वपक्ष. शास्त्रग्रंथ लिहिणारा आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडतो, जमेल तितकं सबळ करून, आणि मग आपला सिद्धान्त सांगतो. म्हणजे स्वतःला मत नसणं ही अट नाहीच. अट ही, की दुसऱ्याचं म्हणणं वाचकापर्यंत पोचलं पाहिजे. पूर्वपक्षच गाळला, तर तो ग्रंथ निःपक्ष ठरत नाही, अपुरा ठरतो.

आता पुन्हा जॅक्सनला जाऊ.

डब्ल्यूएलबीटी ज्या भागात दिसायचं, तिथल्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जवळजवळ ४५ टक्के होते. म्हणजे टीव्हीसमोर बसलेल्या दर दोन माणसांतला जवळपास एक. पण पडद्यावर त्यांचा पत्ता नाही. बातमीत आलेच तर गुन्हेगार म्हणून किंवा उपद्रवी म्हणून. गोऱ्यांच्या नावाआधी श्री, श्रीमती. यांच्या नावाआधी काही नाही, अशीही तक्रार होती. आपल्याकडे एखाद्या वस्तीतल्या वयस्क माणसालाही अरे-तुरे करायची रीत होती ना, तसंच. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळू नये, या बाजूने केंद्राने मतं प्रसारित केली. दुसरी बाजू? बिघाड.

तरीही एकदा ती पाटी हटली. मेडगर एव्हर्स नावाचे कार्यकर्ते जॅक्सनमध्ये समान हक्कांसाठी काम करत होते. १९६३ च्या मे महिन्यात शहराचे महापौर टीव्हीवर आंदोलनाच्या विरोधात बोलले. एव्हर्स यांनी या नियमाचा आधार घेऊन उत्तराची वेळ मागितली, आणि आयोगाच्या धाकाने का होईना, ती मिळाली. २० मे १९६३. सतरा मिनिटं. त्या सतरा मिनिटांत त्यांनी काय सांगितलं? त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. आफ्रिकेतल्या काँगोमधला काळा माणूस रेल्वेचं इंजिन चालवू शकतो आणि जॅक्सनमध्ये त्याला कचऱ्याची गाडीसुद्धा चालवू देत नाहीत, अशा आशयाच्या साध्या गोष्टी सांगितल्या. शहरातल्या कितीतरी गोऱ्या घरांत हे म्हणणं पहिल्यांदाच शिरलं असेल. तेवीस दिवसांनी, १२ जूनच्या पहाटेआधी, एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या अंगणात गोळी घालून मारलं.

मी हे सांगतो तेव्हा कुणीतरी म्हणतं, म्हणजे नियमाचा उपयोग काय झाला? मी उलट विचारतो. सतरा मिनिटांची इतकी भीती वाटत असेल, तर त्याआधीची कित्येक वर्षांची शांतता किती जपलेली असेल?

यानंतर जे झालं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट' या संस्थेचं संपर्काचं काम एव्हरेट पार्कर नावाचे धर्मगुरू बघत होते. १९६४ च्या मार्चमध्ये त्यांनी जॅक्सनमध्ये स्वयंसेवक बसवले. काम काय? टीव्ही बघायचा. आठवडाभर, केंद्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत, आणि नोंद करायची. कोण दिसलं, किती वेळ दिसलं, कोण बोललं, कोणता विषय आला. स्वयंसेवकांची नावं गुप्त ठेवली, कारण त्या गावात असं काम करणं जिवावर बेतू शकत होतं. घोषणा नाही, मोर्चा नाही. वही आणि घड्याळ. ही वही घेऊन पार्कर यांनी स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांबरोबर आयोगाकडे अर्ज केला : या केंद्राचा परवाना वाढवू नका.

आयोगाने काय उत्तर दिलं असेल? तुम्ही कोण? म्हणजे खरंच, कायद्याच्या भाषेत, तुम्ही कोण? परवान्याला आक्षेप घ्यायचा हक्क तोवर दोघांनाच होता. एक, ज्याच्या लहरींना या केंद्राच्या लहरी धडकतात तो. दुसरा, ज्याचा धंदा बुडतो तो. प्रेक्षकाच्या लहरी नसतात आणि त्याचा धंदाही नसतो. म्हणून प्रेक्षक कुणीच नाही. १९६५ मध्ये आयोगाने केंद्राला समज दिली आणि एक वर्षाचा परवाना वाढवून दिला.

प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं. १९६६ च्या मार्चमध्ये निकाल लागला. लिहिणारे न्यायाधीश वॉरन बर्गर. हे काही क्रांतिकारक गृहस्थ नव्हते, चांगले परंपरावादी म्हणून ओळखले जायचे. त्यांनी सांगितलं, की ज्यांच्यासाठी हे प्रसारण चालतं, त्या लोकांना आक्षेपाचा हक्क नाही हे चालणार नाही. प्रेक्षकांच्या प्रतिनिधींना सुनावणीत उभं करा. आयोगाने सुनावणी घेतली, प्रेक्षकांच्या बाजूला जणू आरोपीसारखं वागवलं, आणि १९६८ मध्ये परवाना पुन्हा वाढवून दिला. तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण आपली असली तरी अनुभव सगळ्या जगाचा आहे. शेवटी २० जून १९६९ रोजी त्याच न्यायालयाने, पुन्हा बर्गर यांच्याच लेखणीने, परवाना रद्द केला. तीन दिवसांनी बर्गर देशाचे सरन्यायाधीश झाले. १९७१ मध्ये केंद्र एका ना-नफा संस्थेच्या हाती तात्पुरतं आलं, आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्याचे महाव्यवस्थापक झाले.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण निःपक्षपणावर बोलायचं आणि पूर्वपक्ष गाळायचा, हे बरं नव्हे. म्हणून आता या नियमाची दुसरी बाजू.

त्याच महिन्यात, ९ जून १९६९ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या नियमावर एकमताने शिक्कामोर्तब केलं. खटला 'रेड लायन' नावाने प्रसिद्ध आहे; रेड लायन हे पेनसिल्व्हेनियातलं गाव. तिथल्या एका रेडिओ केंद्रावर १९६४ मध्ये बिली जेम्स हार्गिस या उजव्या विचाराच्या धर्मप्रचारकाने फ्रेड कुक या पत्रकारावर जोरदार टीका केली. कुक यांनी उत्तराची फुकट वेळ मागितली, केंद्राने पैसे मागितले. न्यायालयाने कुक यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यातलं तत्त्व असं, की या माध्यमात प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क केंद्रचालकाच्या हक्काच्या वरचा आहे.

तत्त्व उत्तम. पण १९७६ मध्ये फ्रेड फ्रेंडली यांनी, जे पूर्वी सीबीएस न्यूजचे अध्यक्ष होते, एक पुस्तक लिहून पडद्यामागची हकीकत उघड केली. उजव्या विचारांच्या रेडिओ कार्यक्रमांवर नजर ठेवून, उत्तराची वेळ मागून मागून त्या केंद्रांना जेरीला आणायचं, ही त्या वेळच्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांची मोहीमच होती. म्हणजे जी वही जॅक्सनमध्ये दुर्बलांच्या हातात होती, तीच इथे सत्तेच्या हातात होती. पुढे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष निक्सन आले. 'वॉशिंग्टन पोस्ट' वॉटरगेटचं प्रकरण लावून धरत होतं. त्या कंपनीच्या मालकीची टीव्ही केंद्रं होती. त्यांचे परवाने वाढवून घेताना यांना त्रास होणार आहे, अशा अर्थाचं निक्सन यांचं बोलणं १९७२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्याच कार्यालयातल्या टेपवर नोंदलं गेलं. काही महिन्यांत कंपनीच्या फ्लोरिडातल्या केंद्रांच्या परवान्यांना आव्हानं दाखल झाली. दोन पक्ष, हत्यार एकच. परवाना देणारा हात कुणाचा, यावर न्याय्यता अवलंबून राहिली की असं होतं.

आणखी एक अडचण होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. केंद्रचालक म्हणू लागले, की वादाचा विषय घेतला की चार जण उत्तराची वेळ मागायला येतात, त्यापेक्षा विषयच नको. १९८५ च्या अहवालात आयोगानेही हे मान्य केलं. म्हणजे दुसऱ्या कर्तव्याच्या भीतीने पहिलं कर्तव्य मेलं! त्यातून उपाय दोन निघत होते : पहिलं कर्तव्य कडक करा, किंवा दोन्ही सोडून द्या. रेगन यांच्या काळातल्या आयोगाने दुसरा निवडला. संसदेने नियम वाचवायला विधेयक मंजूर केलं, रेगन यांनी १९८७ च्या जूनमध्ये ते नाकारलं, आणि ऑगस्टमध्ये आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी नियम संपवला.

पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा एकतर्फी राजकीय रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज आले. पुष्कळ लोक सांगतात, की नियम गेला म्हणून फॉक्स आलं. हे अर्धसत्य आहे. रेडिओपुरतं त्यात तथ्य आहे. पण हा नियम लहरी वापरणाऱ्या परवानाधारकांसाठी होता, आणि ही दोन्ही चॅनेलं केबलवरची. आपल्याला आवडणारं अर्धसत्यही अर्धसत्यच असतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे खरा धागा आहे. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात भांडण झालं, आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, म्हणजे आपले महाराष्ट्राचे सावंतसाहेब, यांनी लिहिलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि खासगी मक्तेदारीही नको. प्रेक्षकाला विविध मतं मिळण्याचा हक्क आहे, तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. क्रिकेटच्या निमित्ताने का होईना, जॅक्सनच्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या न्यायालयाने दिलं. प्रेक्षक कुणीतरी आहे.

मग आपले नियम काय म्हणतात? केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रमसंहिता आहे. त्यात अर्धसत्य दाखवायला बंदी आहे. खरंच, 'अर्धसत्य' याच अर्थाचा शब्द आहे तिथे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रोज अर्धा तास लोकसेवेचे कार्यक्रम दाखवा असंही आहे. पण समाजाला पोळणारा वादग्रस्त प्रश्न दाखवलाच पाहिजे, हे १९४९ मधलं पहिलं कर्तव्य कुठेच नाही. म्हणून कुणी अर्धसत्य बोललं तर तक्रार करता येते. कुणी बोललंच नाही, तर कशाची तक्रार करणार?

आणि संध्याकाळच्या चर्चा? दोन बाजूंची माणसं असतात, चौकटी समान असतात, मिनिटंही बऱ्यापैकी समान असतील. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याला फक्त पाडायचं, ती वितंडा. घड्याळ वादालाही तेवढीच मिनिटं देतं आणि वितंडेलाही. म्हणून दोन्ही बाजू बोलावल्या एवढ्यावर मी समाधानी नसतो. विषय कोणता निवडला, हे मी आधी बघतो.

हा नियम आपल्याकडे आणावा का? माझं मत, सावधपणे, नाही. परवान्याची दोरी सत्तेच्या हाती असताना न्याय्यतेचा न्यायाधीशही तीच झाली, तर काय होतं ते आपण आत्ताच पाहिलं. सावंतसाहेबांच्या निकालाप्रमाणे खरोखर स्वायत्त यंत्रणा उभी राहिली, तर मी मत बदलीन. पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. जॅक्सनमध्ये निकालाआधी वही होती.

म्हणून माझी एक विनंती आहे. एक आठवडा, फक्त रात्रीच्या मुख्य बातम्या, आणि एक वही. प्रत्येक विषय लिहा, त्याची मिनिटं लिहा. शेजारच्या रकान्यात तुमच्या गावात, तालुक्यात, तुमच्या धंद्यात त्या आठवड्यात जे महत्त्वाचं घडलं, ते लिहा. पाण्याचा टँकर, बंद पडलेली शाळा, कांद्याचा भाव, जे असेल ते. दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. आणि जे चॅनेल तुम्हाला आवडतं, त्याच्यावर हा प्रयोग करा. नावडत्याचे दोष आपल्याला पाठच असतात.

त्या काळी व्यत्यय आला की निदान पाटी लावायचे. आता पाटी लागत नाही, कार्यक्रम चालूच असतो. आपली ती आपणच लिहायची. वह्या भरल्यात तर पुढच्या वेळी घेऊन या, आपण मिळून वाचू.